वीट नाही, जमीन महागते



जून महिन्यात शाळेत नवी नावे घालायची गडबड असते. यंदा शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा नववीतल्या एका मुलीचे वडील ऑफिसच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना नाव घालायचे नव्हते, काढायचे होते. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

ही मुलगी पाचवीपासून आमच्याकडे आहे. उर्दू तर छान आहेच, पण मराठीतही ती वर्गात पहिली. निबंध असा लिहिते की तपासताना लाल पेन हातातच राहतो. आम्ही त्यांना म्हटलं, ‘‘भाईजान, दोन वर्षे थांबा. दहावी होऊ द्या.’’

ते म्हणाले, ‘‘टीचर, घरमालक थांबत नाही. अकरा महिने संपले. नऊ हजार भाडं होतं, आता बारा मागतो. डिपॉझिट पन्नासचं लाख. मी बॅगा शिवतो. कुठून आणू?’’ वांगणीला खोली बघितली होती. तिथे भाडे निम्मे. जवळपास उर्दू माध्यमाची शाळा आहे की नाही, ते अजून विचारायचे होते.

दाखल्यावर शिक्का मारेपर्यंत ते बाकावर बसले. मग सहज विचारावे तसे म्हणाले, ‘‘टीचर, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. बारा वर्षांपूर्वी मी या मुंब्र्यात आलो तेव्हा खोली घ्यायची म्हणून पैसे जमवायला लागलो. दरवर्षी जमवतो, दरवर्षी खोली पुढे पळते. सिमेंट एवढं महागलं का हो? वीट एवढी महागली का? मग घर का एवढं महागतं?’’

आम्ही म्हटलं, ‘‘महागाई आहे ना सगळीकडे.’’

ते मान हलवून दाखला घेऊन गेले. पण आम्हालाच आमच्या उत्तराची लाज वाटली. मुलांनी पेपरात ‘पाऊस का पडतो?’ या प्रश्नाला ‘कारण ढग येतात’ असे लिहिले तर आम्ही त्यांना अर्धा गुण देतो. आमचे उत्तर त्याच लायकीचे होते. महागाईने घर महागते, आणि घर महागते त्याला आपण महागाई म्हणतो. त्यात सांगितले काय?

आमचा एक जुना विद्यार्थी आता बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. त्याला घरी चहाला बोलावले आणि तोच प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. त्याने उत्तरपत्रिकेचा एक कोरा कागद मागून घेतला आणि आकडे मांडले. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण रीत खरी आहे. ती आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

समजा, 500 चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि तो 40 लाखांना विकला जातो. त्यात बांधकामाचा खर्च धरा साडेबारा लाख. सरकारी शुल्क, मंजुरी, बिल्डरने उचललेल्या पैशावरचे व्याज आणि त्याचा नफा मिळून आणखी साडेबारा लाख. उरले 15 लाख. हा झाला जमिनीचा वाटा.

आता पुढे समजा, काही वर्षांनी त्या भागातली माणसे त्याच फ्लॅटला 50 लाख द्यायला तयार झाली. मधल्या काळात सिमेंट-सळई-मजुरी थोडी वाढली. बांधकामाचे साडेबाराचे 13 लाख झाले, बाकी खर्च आणि नफ्याचे साडेबाराचे साडेतेरा. मग जमिनीकडे किती गेले? साडेतेवीस लाख. म्हणजे घर महागले पाव पट आणि जमीन दीडपटीच्याही वर गेली. वीट तिथेच राहिली. तिच्याखालची माती महागली.

आम्ही म्हटलं, ‘‘म्हणजे जमीन महाग म्हणून घर महाग.’’

तो हसला. ‘‘टीचर, उलटं आहे. बिल्डर जमीन घ्यायला बसतो तेव्हा शेवटून हिशेब करतो. इथे फ्लॅट कितीला विकला जाईल? त्यातून बांधकाम वजा, शुल्क वजा, माझा नफा वजा. उरेल तेवढे जमीनमालकाला. मालकालाही हा हिशेब पाठ असतो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या खिशात जेवढे जास्त पैसे येतील, तेवढे शेवटी जमिनीत जिरतात.’’

हे वाक्य ऐकून आम्ही चहा गार होऊ दिला. त्यातच त्या बॅगा शिवणाऱ्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर होते. आता गिऱ्हाइकाच्या खिशात जास्तीचे पैसे येतात कुठून, आणि ते जमिनीतच का जिरतात, एवढे दोन प्रश्न राहिले.

पहिला प्रश्न घेऊ. खिशात पैसे येतात ते बहुतेक कर्जाचे. दहा लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी 12 टक्के व्याजाने घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण 11,000 रुपये येतो. व्याजदर 8 टक्क्यांवर आला, तर त्याच 11,000 च्या हप्त्यात 13 लाखांहून थोडे अधिक कर्ज मिळते. घेणाऱ्याचा पगार वाढला नाही, पण बाजारात तो तीन लाख जास्त घेऊन उभा आहे. शेजारचाही तीन लाख जास्त घेऊन उभा आहे. खोल्या मात्र तेवढ्याच. मग ते तीन लाख कोणाच्या पदरात पडणार? विकणाऱ्याच्या. कर्ज स्वस्त झाले म्हणून घर स्वस्त झाले असे घेणाऱ्याला वाटते. खरे तर हप्ता तोच राहतो आणि किंमत वाढून बसते. कोरोनाच्या वर्षी, मे 2020 मध्ये, रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर 4 टक्क्यांवर आणला होता. पुढे फेब्रुवारी 2023 पर्यंत तो साडेसहा टक्क्यांवर गेला. दर चढला तेव्हा हप्ते वाढले, पण दर उतरला होता तेव्हा चढलेल्या किमती काही आपणहून खाली आल्या नाहीत. विकणारा थांबू शकतो. घर नसलेला थांबू शकत नाही.

आपल्यातल्या पुष्कळ घरांची अडचण इथे दुहेरी होते. व्याज नको म्हणून ती कर्ज काढत नाहीत. भिशी लावतात, दागिने ठेवतात, आखातातल्या भावाकडून हातउसने घेतात आणि पैसा पैसा जोडतात. नियत पाक आहे, पण बाजार नियत बघत नाही. समोरचा 20 वर्षांची कमाई आजच आणून ठेवतो, आपण दहा वर्षांची बचत दहा वर्षांनी आणतो. ही शर्यत चालणारा आणि रेल्वेगाडी यांच्यातली आहे. यावर उपाय म्हणून व्याजी कर्ज काढा असे आम्ही सांगत नाही. तो ज्याचा त्याचा आणि त्याच्या आलिमांचा विषय आहे. आम्ही फक्त एवढेच सांगतो, की ‘‘अमक्याने घर घेतले, तुम्हाला का नाही जमले?’’ असे कोणी आपल्या जावयाला किंवा भावाला विचारले, तर त्याला टोमणा मारण्याआधी हा हिशेब आठवावा.

आता दुसरा प्रश्न. हे पैसे जमिनीतच का जिरतात? टोमॅटो महागले की शेतकरी पुढच्या खेपेला जास्त लावतो आणि भाव उतरतो. घराचे असे का होत नाही?

कारण स्टेशनजवळची जमीन पेरता येत नाही. मुंबईला तीन बाजूंनी समुद्र. जमीन पसरता येत नसेल तर घर वर चढवायचे, हा दुसरा मार्ग. पण किती चढवायचे त्याला नियम असतो. त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात, बोलताना सगळे एफएसआय म्हणतात. निर्देशांक 1 म्हणजे जेवढा प्लॉट तेवढेच एकूण बांधकाम, मग ते दोन मजल्यांत करा की चार मजल्यांत. 1991 च्या नियमावलीत मुंबई शहरात तो 1.33 आणि उपनगरांत 1 ठेवला होता. एवढ्या दाटीच्या शहरासाठी तो फार कमी, असे अनेक वर्षे म्हटले गेले. 2018 च्या नव्या नियमावलीत पैसे भरून जादा निर्देशांक घ्यायची सोय वाढली. पण नुसता निर्देशांक वाढवला की घर स्वस्त झाले असे होत नाही. ज्या प्लॉटवर दहा मजले चढतात, त्याचा मालक दहा मजल्यांचा भाव मागतो. आणि पाणी, गटार, जिने, रस्ते तेवढेच राहिले तर राहणाऱ्यांचे हाल वेगळेच.

काही गाठी कायद्यांनीही बसल्या. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी जवळपास जिथल्या तिथे गोठवली. हेतू चांगला होता, युद्धानंतर आणि फाळणीच्या दिवसांत भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा. पण वर्षानुवर्षे तेच भाडे मिळाल्यावर मालकाने डागडुजी सोडली, भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधायची कोणाला गरज वाटेना, आणि पागडी सुरू झाली. 1976 मध्ये शहरातल्या मोठमोठ्या मोकळ्या जमिनी काढून घेऊन गरिबांना घरे द्यायची म्हणून कमाल जमीन धारणेचा कायदा आला. प्रत्यक्षात पुष्कळ जमिनी कोर्टकचेऱ्यांत अडकल्या आणि बाजाराबाहेर राहिल्या. महाराष्ट्राने तो कायदा 2007 मध्ये रद्द केला. दोन्ही कायदे गरिबाचे नाव घेऊन आले. तरीही भाड्याची घरे कमी झाली आणि जमीन आटली.

तिसरी गोष्ट रस्त्याची. पूल, मेट्रो, विमानतळ यांची नुसती घोषणा झाली की आजूबाजूच्या जमिनीचे भाव उठतात. शिवडी ते न्हावाशेवा हा समुद्रावरचा पूल, अटल सेतू, जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. पण उलवे, पनवेल, उरणकडे प्लॉटचे दलाल त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून फिरत होते. पूल होतो तो सगळ्यांच्या करातून आणि सरकारच्या कर्जातून. त्याने वाढलेली किंमत मात्र तिथे ज्याचा सातबारा आहे त्याच्या घरी जाते. त्याने काही केलेले नसते. फक्त त्याच्याकडे जमीन असते.

आणि आपल्या मोहल्ल्यांची एक वेगळी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे खरे नाही. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला आली. त्याआधी मुंब्रा-कौसा हे खाडीच्या काठचे लहान गाव होते, कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. आजही चांगल्या नोकरीतल्या आपल्या मुलाला इतर भागात भाड्याने घर बघताना फोनवर नाव सांगितले की ‘‘घर गेलं’’ असे ऐकावे लागते. कायद्याने बाजार सगळ्यांना खुला आहे, पण ज्याला चारच मोहल्ल्यांत घर मिळते, त्याच्यासाठी शहर चार मोहल्ल्यांएवढेच असते. सगळी मागणी त्या चार मोहल्ल्यांत दाटते. भाव चढतो, सोयी मात्र चढत नाहीत.

या दाटीतून स्वस्तातली वाट निघते ती बेकायदा इमारतींची. मंजुरी नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, बँक कर्ज देत नाही, म्हणून घर स्वस्त. ती स्वस्ताई काय असते ते आम्ही मुंब्र्यातले लोक विसरू शकत नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली. 74 माणसे गेली, त्यात लहान मुले होती. वर मजला चढत होता आणि खाली माणसे राहत होती, कारण त्यांना दुसरीकडे परवडत नव्हते. घराची किंमत वाढते तेव्हा कोणीतरी ती अशीही मोजतो.

इतके समजल्यावर आम्हाला वाटले की उत्तर मिळाले. कर्ज, नियम, कायदे, सरकार, बिल्डर आणि दलाल. दोषी सगळे घराबाहेरचे. उत्तरपत्रिकेचा तो कागद घडी करून आम्ही पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात आमच्या जुन्या विद्यार्थ्याने जाता जाता विचारले, ‘‘टीचर, गावाकडे तुमचा एक प्लॉट होता ना? त्याचं काय केलं?’’

होता, नव्हे, आहे. 2012 मध्ये कोकणात, आमच्या गावाजवळच्या तालुक्याच्या ठिकाणी, महामार्गापासून थोडा आत, तीन गुंठे एनए जमीन आम्ही घेतली. चार लाख पडले. तिथे घर बांधायचा विचार तेव्हाही नव्हता. गावात वडिलार्जित घर आहे. मुलांचे अब्बा म्हणाले होते, ‘‘सोने ठेवण्यापेक्षा जमीन बरी. मुलीच्या शिक्षणाला किंवा लग्नाला विकू.’’ आम्हीही हो म्हटले. गेल्या ईदला गेलो तेव्हा दलालाने 18 लाख सांगितले. आम्ही खूश झालो. घरी येऊन शिरखुर्मा खाताना चार नातेवाइकांना सांगितलेही.

आता तो कागद पुन्हा उघडला. चारचे अठरा झाले. हे 14 लाख आले कुठून? आम्ही तिथे एक वीट ठेवलेली नाही. एक आंब्याचे कलमही लावलेले नाही. महामार्ग रुंद होतोय तो सरकारच्या पैशाने. आजूबाजूला घरे झाली ती दुसऱ्यांनी बांधली. आम्ही फक्त कुंपण घातले आणि थांबलो. आणि हे 14 लाख देणार कोण? ज्याला घर बांधायचे आहे तो. गावातल्या मराठी शाळेतला एखादा तरुण मास्तर, किंवा दुबईहून कायमचा परत आलेला कोणी ड्रायव्हर. त्याची बारा वर्षांची बचत आमच्या थांबण्याची मजुरी म्हणून आम्हाला मिळणार. मुंब्र्यातला तो घरमालक त्या बापाशी जे करतो, तेच आम्ही गावात करतो आहोत. फक्त आमचा भाडेकरू आम्हाला दिसत नाही.

आणि आम्ही एकटे नाही. कोकणात आपल्या गावांतून फेरफटका मारा. आखाताच्या पैशाने बांधलेले दोन-दोन मजल्यांचे बंगले, संगमरवरी पायऱ्या, आणि दाराला कुलूप. मालक कुवेतला, मुले मुंबईला, वर्षातून वीस दिवस दिवा लागतो. शहरातही तेच. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. त्याच्या पुढच्याच वर्षी सरकारी तज्ज्ञ गटाने शहरांतली घरांची टंचाई सुमारे 1 कोटी 88 लाख सांगितली. एकीकडे कुलपे, दुसरीकडे बिऱ्हाडे. घर भाड्याने दिले तर वर्षाला किमतीच्या दोन-तीन टक्केच हाती येतात, वर भाडेकरू निघेल की नाही ही धास्ती. त्यापेक्षा बंद ठेवले तरी भाव वाढतोच आहे, असा हिशेब करून माणसे घर बंद ठेवतात. घर हे राहायची जागा न उरता कपाटातले सोने झाले की त्याला राहणाऱ्याची गरजच उरत नाही.

आम्ही मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांकडे गेलो. प्रश्न घराच्या किमतीचा नव्हता, जकातीचा होता. त्यांनी एकच विचारले, ‘‘घेताना नियत काय होती? राहायची की विकायची?’’ आम्ही खरे सांगितले. ते म्हणाले, ‘‘राहत्या घरावर जकात नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर नाही, भाड्याची रक्कम शिल्लक राहिली तर त्यावर आहे. पण विकून नफा घ्यायच्या नियतीने घेतलेला प्लॉट हा तिजारतीचा माल. दरवर्षी त्या दिवशीच्या बाजारभावाने अडीच टक्के.’’ अठरा लाखांवर 45,000 रुपये. आणि ते एकाच वर्षाचे. आम्ही दागिन्यांची जकात मासा-मासा मोजून देतो आणि या प्लॉटचा कधी विचारच केला नव्हता. मागच्या वर्षांचाही हिशेब त्या त्या वर्षीच्या भावाने करावा लागेल, असे त्यांनी सांगितले.

मग आम्ही साठेबाजीविषयी विचारले. ते म्हणाले, ‘‘पुष्कळ फकीहांनी साठेबाजीची मनाई अन्नधान्यापुरती धरली आहे. आपण कोकणातले शाफई, आपल्याकडेही तसेच. पण इमाम अबू युसुफ यांचे मत होते की जे रोखून धरल्याने लोकांना त्रास होतो, ती सगळी साठेबाजी. तुमचा प्लॉट त्यात बसतो असा फतवा मी देत नाही. विचार तुम्ही करा.’’ फतवा मिळाला असता तर बरे झाले असते. मानून मोकळे झालो असतो. विचार करा म्हटले की झोप जाते.

त्या रात्री मुलांच्या अब्बांशी बोललो. आम्हाला वाटले होते ते लगेच पटवून घेतील. ते म्हणाले, ‘‘जकात देऊ. ती चूक झाली, मान्य. पण प्लॉट स्वस्तात का विकायचा? आपल्याला कोणी स्वस्तात दिलं का? मुलगी बारावीला आहे. फी कोण भरणार? आपल्या तीन गुंठ्यांनी देशाचे भाव उतरणार आहेत का?’’

त्यांचे म्हणणे खोटे नाही. मध्यमवर्गाला म्हातारपणाची दुसरी काठी नाही. नव्या शिक्षकांना जुनी पेन्शन नाही, बँकेत ठेव ठेवावी तर व्याजाचा प्रश्न, शेअरबाजाराची भीती. म्हणून माणूस जमिनीत पैसा पुरतो. प्रत्येक घर आपल्यापुरते शहाणपणाने वागते आणि सगळ्यांचे शहाणपण एकत्र झाले की पुढच्या पिढीला घर मिळत नाही. हीच मुलगी उद्या नोकरीला लागेल तेव्हा तिला आणि तिच्या नवऱ्याला घर घ्यायचे आहे. आम्ही तिच्या फीसाठी प्लॉटचा भाव वाढावा म्हणून दुआ करतो आणि तिच्या घरासाठी भाव उतरावा म्हणून दुआ करतो. दोन्ही दुआ एकाच मुसल्ल्यावर.

चार-पाच रात्री हा विषय चालला. शेवटी एवढे ठरले. जकातीचा मागचा हिशेब करून ती हप्त्याहप्त्याने चुकती करायची. प्लॉट विकायचा, पण जो पुन्हा विकण्यासाठी घेतो त्याला द्यायचा नाही. जो बांधून राहणार आहे त्याला द्यायचा. भावाबाबत अजून एकमत नाही. आम्ही पंधरा म्हणतो, ते सतरा म्हणतात. गावातल्या एका तरुण जोडप्याने विचारले आहे. त्यांच्याकडे दहा आहेत. बाकीचे दोन वर्षांत बिनव्याजी हप्त्याने देऊ म्हणतात. मुलांचे अब्बा गप्प आहेत. आम्ही त्या गप्प राहण्याला अजून होकार समजलेलो नाही.

आता जाता जाता, जे वाचक घर घ्यायच्या खटपटीत आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो प्रकल्प स्वतः तपासा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय इसार देऊ नका. मालक किंवा दलाल ‘‘इथे सगळ्यांचं असंच आहे’’ म्हणाला तर तिथून उठा. महाराष्ट्रात 2021 पासून केवळ महिलेच्या नावावर निवासी घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही. 40 लाखांच्या घरावर हे 40,000 रुपये होतात. शिवाय घर बहिणीच्या, बायकोच्या नावावर होते, हा फायदा वेगळा. आणि ज्यांच्याकडे दुसरे घर कुलूप लावून पडले आहे, त्यांनी एकदा आमच्यासारखे कागदावर लिहून बघावे, की त्याची किंमत वाढली ती कोणी काय केल्याने.

त्या मुलीचा दाखला गेला त्याला आता महिना झाला. मागच्या आठवड्यात तिचा वर्गमैत्रिणीच्या मोबाइलवर निरोप आला. वांगणीहून रोज लोकलने यायचे ठरवते आहे. कल्याणला गाडी बदलायची, पहाटे उठायचे. वडिलांनी पास काढून द्यायला हो म्हटले आहे. आम्ही मुख्याध्यापकांना विचारले, दाखला परत घेता येईल का. ते म्हणाले, ‘‘टीचर, आधी तिला येऊ द्या. मग बघू.’’ हजेरीपटावरचे तिचे नाव आम्ही अजून खोडलेले नाही.

त्या बापाला द्यायचे उत्तर मात्र आता आमच्याकडे आहे. ते भेटले की सांगू, ‘‘भाईजान, वीट महागली नाही. जमीन महागली, आणि ती धरून बसलेल्यांत आम्हीही होतो.’’ हे सांगायच्या आधी प्लॉटचे काम मार्गी लागावे, एवढी दुआ करा.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, इन्शाअल्लाह.